बीचचं झाड ओळखताना

कात्री हातात, पिशवी पायाशी आणि पानं पिशवीत... अशा अवस्थेत वरदा पकडली गेली.

ऑक्टोबरमधली शनिवारची दुपार होती. इंग्लंडातल्या मेडनहेडमध्ये पाऊस पडत होता म्हणावं, तर कुणी छत्री उघडली नव्हती. पडत नव्हता म्हणावं, तर वरदाचे केस कपाळाला चिकटले होते. कार पार्कच्या कडेला झाडांचं एक लांबलचक कुंपण होतं, इथल्या भाषेत हेज. पानं नुकती पिवळी व्हायला लागली होती. वरदा एका हातानं फांदी वाकवत होती, दुसऱ्या हातानं कापत होती आणि कानातल्या इअरबडवर अलकाताईंना सांगत होती, "मिळालं हो ताई, अख्खं हेज आहे इथे. शंभर माणसांना पुरेल."

"एक्सक्यूज मी," मागून आवाज आला. "कॅन आय आस्क व्हॉट यू आर डूइंग?"

वरदानं वळून पाहिलं. उंच, सावळा मुलगा, अंगात झगझगीत केशरी जॅकेट आणि जॅकेटवर कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, नाव. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. एका क्षणात तिला दंड दिसला, पोलीस दिसले, रद्द झालेला व्हिसा दिसला आणि नागपूरच्या घराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी असलेली आई दिसली.

"अलकाताई," ती कुजबुजली, "मेले मी. कौन्सिलवाला आलाय. ठेवते."

"आणि झाड पण चुकीचा कापतेस," कौन्सिलवाला म्हणाला.

मराठीत! वरदाच्या हातून कात्री पडली. ती त्यानं उचलली, बंद केली आणि शहाण्या मुलासारखी मुठीकडून तिच्यापुढे धरली.

"तुम्ही... मराठी?"

"लीड्सचा मराठी. माझा आई-बाबा दोघं तिकडे हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. घरात मराठी, बाहेर यॉर्कशायर, म्हणून दोन्ही हाफ-हाफ." तो हसला. "मी अपूर्व. इथला ट्री ऑफिसर. टाउनमधल्या झाडांचा वॉचमन समज."

"मी वरदा," ती म्हणाली. खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता. "झाडांची चोर."

त्यावर तो मोठ्यानं हसला आणि वरदाची भीती पळाली. तिची जागा दुसऱ्याच कशानं तरी घेतली, पण त्याला नाव द्यायला तिला पुढे चार महिने लागले.

मग तिनं सगळं सांगून टाकलं. ती एका सॉफ्टवेअर कंपनीची टेस्टर, वर्षभरापूर्वी इथे आलेली. दसऱ्याला इथल्या मराठी मंडळात सोनं वाटायचं, पण आपटा इंग्लंडात कुठला? अलकाताईंचे यजमान, शशिकांतकाका, होते तेव्हा त्यांनी शोधून काढलं, की ऑक्टोबरात इथल्या बीचची पानं अशी पिवळी होतात की सोनं झक मारतं. काका गेले, पण मंडळाचं सोनं बीचचंच राहिलं. यंदा पानं आणायचं काम वरदावर आलं होतं, आणि तोपर्यंत बीच म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे समुद्रकिनाराच यायचा.

"अलकाताईंनी फोटो पाठवला होता," ती म्हणाली. "मला तर हेच वाटलं."

"सगळ्यांना वाटतं. हा हॉर्नबीम आहे." त्यानं एक पान तिच्या तळहातावर ठेवलं. "काठावर बोट फिरव."

तिनं फिरवलं. बारीक दाते लागले, करवतीला असतात तसे.

"आता चल, ओरिजिनल दाखवतो."

कार पार्कच्या टोकाशी एक प्रचंड झाड उभं होतं. रोज गाडी लावताना वरदा त्याच्याखालून जायची आणि एकदाही तिनं मान वर करून पाहिलं नव्हतं. अपूर्वनं खाली वाकलेल्या फांदीवरचं एक पान दोन बोटांत धरलं. "हा बीच. काठ बघ, दाते नाहीत. नुसता वेव्ही."

पानाचा काठ खरंच नागमोडी होता आणि बोटाला गुळगुळीत लागत होता. पान वरून चकचकीत होतं, शिरा सरळ आणि मोजून सात-आठ. वरदानं खोडावर हात ठेवला. खोड राखाडी, थंड आणि हत्तीच्या पायासारखं भक्कम. पण खडबडीत मुळीच नाही.

"इतकं मऊ?"

"स्किन पातळ असतो त्याचा. ओरखडा काढला तर जन्मभर राहतो. म्हणून लव्हर्स लोक बरोब्बर ह्याच झाडावर नावं कोरतात."

"तू कोरलंयस कुणाचं?"

"मी? मी कौन्सिलमध्ये नोकरी करतो!" तो इतक्या घाबऱ्या आवाजात म्हणाला की आता हसायची पाळी वरदाची होती.

"बरं, चुकलं माझं," ती म्हणाली. "पण लाज नाही वाटत मला. आमच्याकडे दसऱ्याला निम्मं गाव आपटा म्हणून कांचनाची पानं वाटतं. दिसायला सारखी ना! देणाऱ्याला कळत नाही, घेणाऱ्याला कळत नाही."

"म्हणजे चुकीचा झाड तोडणं तुमचं ट्रॅडिशनच आहे."

"आमचं? तुझं नाही का?"

त्यानं बोटांतलं पान एकदा उलटं करून पाहिलं. मग म्हणाला, "माझा पण. तोडू देणार नाही मी, पण मंगळवारी आम्ही ऑफिसमागचा बीच हेज ट्रिम करतो. सगळा कचरा श्रेडरमध्ये जातो. दोन गोणी बाजूला ठेवू तुझ्यासाठी?"

श्रेडरमध्ये जाणारं सोनं असं शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये, मंडळाच्या दसऱ्याला पोचलं. गोण्या घेऊन अपूर्व स्वतः आला. केशरी जॅकेटऐवजी निळा कुर्ता घातला होता आणि कुर्त्याला दुकानाची घडी अजून तशीच होती. अलकाताईंनी पानं उलटीपालटी करून पाहिली, काठावर बोट फिरवलं, आणि "बीच आहे हो, अगदी ह्यांनी आणावा तसा," म्हणताना त्यांचा आवाज थोडा जड झाला.

मग सगळीकडे सोनं वाटण्याची धांदल सुरू झाली. त्या गर्दीत अपूर्व एक पान घेऊन वरदापुढे येऊन उभा राहिला.

"काय म्हणायचं असतं?"

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा."

त्यानं मनातल्या मनात घोकलं. पान पुढे केलं आणि नेमका त्याच क्षणी विसरला. "घे," तो म्हणाला. "आणि... राहा."

वरदानं पान घेतलं.  ते तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

त्यानंतरचे रविवार कसे गेले, हे विचारलं तर वरदाला नीट सांगता येणार नाही. शहराबाहेर थोड्या अंतरावर बीचचं जुनं रान आहे. तिथे ते जायचे. नोव्हेंबरात सगळं रान तांब्याच्या रंगाचं झालं होतं आणि पाय टाकला की कुरकुर वाजत होतं. अपूर्व वाकून काटेरी टरफल उचलायचा, चार पाकळ्यांत उकललेलं, आत तपकिरी तिकोनी बिया. बीचखाली गवत का उगवत नाही, तर त्याची सावलीच इतकी दाट. हे त्यानं सांगितलं. बीचची कळी कशी लांब, टोकदार आणि काडीपासून फटकून असते, हॉर्नबीमची काडीला बिलगून बसते; हेही सांगितलं. जानेवारीच्या धुक्यात, एकही पान नसताना, वरदानं नुसत्या कळीवरून झाड ओळखलं तेव्हा त्यानं टाळ्या वाजवल्या. समोरून येणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचा कुत्रा दचकून भुंकायला लागला.

"हेज कापल्यावर बीच हिवाळ्यात पानं टाकत नाही," एकदा तो म्हणाला. ते कौन्सिलच्या हेजपाशी उभे होते. "वाळतात, पण सोडत नाहीत. ओढून बघ."

वरदानं ओढलं. पान सळसळलं, पण सुटलं नाही. "कधीपर्यंत?"

"नवा पान मागून ढकलेपर्यंत. एप्रिल."

"हट्टी आहे."

"नागपूरचा असेल."

तिनं त्याच्या दंडावर चापट मारली. हात तिथेच थोडा जास्त वेळ राहिला... मग दोघंही एकदम दुसरीकडे बघायला लागले.

त्याच रविवारी परतताना तिनं विचारलं, "हे झाड इथलंच ना? मूळचं?"

"इथे साउथमध्ये, हो. पण लीड्सला नाही. तिकडे माणसांनी नेऊन लावला. कितीही जुना असला तरी पुस्तकात नेटिव्ह म्हणत नाहीत. आणि मी जन्मलो लीड्सला, म्हणजे मी नेटिव्ह आणि तिथला बीच पाहुणा. फनी ना?"

"किती वर्षं राहिलं म्हणजे घरचं म्हणतात?"

"काही हजार वर्षं तरी."

"अरे बाप्पा," वरदा म्हणाली. "आणि माझा व्हिसा कंपनीच्या भरवशावर."

दोघंही हसले. हसू आधी तिचं थांबलं.

फेब्रुवारीत ते खरं झालं. क्लायंटनं प्रोजेक्ट गुंडाळलं. मॅनेजरनं गोड शब्दांत सांगितलं, की एप्रिलअखेर पुण्याच्या ऑफिसला परत, जागा तयार आहे, काळजी नको. वरदा नाकासमोर चालणारी मुलगी. तिनं "ओके" म्हटलं आणि लॅपटॉप बंद केला. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. नोकरीसाठी ती रडत नव्हती, हे तिला नळ बंद करतानाच कळलं. आणि कुणासाठी रडत होती, हेही.

संध्याकाळी ती अलकाताईंकडे गेली. ताईंनी आलं घालून चहा केला, सगळं ऐकून घेतलं आणि मायेनं, अगदी मनापासून म्हणाल्या, "अगं, एवढा हाताशी आलेला मुलगा आहे. पासपोर्ट इथला. लग्न करून टाक, व्हिसाचा प्रश्नच मिटला! ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?"

बोलणारीच्या मनात काही वाईट नव्हतं, पण वरदानं चहाचा कप खाली ठेवला. जे तिच्या मनात इतके महिने हळूहळू उमलत होतं, ते आता तोंडातून निघालं की ऐकणाऱ्याला अर्जासारखं ऐकू येणार होतं. आज सांगितलं, तर उद्या अपूर्व हो म्हणेल. तो चांगला आहे, नक्की हो म्हणेल. पण जन्मभर कधीतरी, भांडणात, तापात, एखाद्या रिकाम्या दुपारी त्याच्या मनात येईल, की हिनं मला धरलं होतं की पासपोर्टला? तो विचार तिला सहन होईना.

तिनं मूग गिळले. परत जाणार एवढं त्याला मेसेजवर कळवलं, आणि कामाचं निमित्त करून रविवार टाळायला लागली. "ओह. सॉरी. काही हेल्प हवी तर सांग," असं त्याचं उत्तर आलं. इतकंच. ते तिनं दहादा वाचलं. त्यात कुठेही "जाऊ नकोस" नव्हतं. मार्च असा गेला, एकमेकांना झाडांचे फोटो पाठवण्यात. आधी रोज, मग आठवड्यातून एकदा. आणि एका आठवड्यात एकही नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात वरदानं कपडे भरले, भांडी अलकाताईंना दिली आणि एक गोष्ट केली. मग अपूर्वला लिहिलं: रविवारी येशील? रानात. शेवटचं.

तो तिच्या आधी येऊन उभा होता. केस कापलेले, डोळ्यांखाली काळं. रान मात्र नुसतं उजळून निघालं होतं. प्रत्येक कळी फुटली होती आणि त्यातून पान बाहेर येत होतं, चुण्या पडलेलं, पोपटी, ओलं ओलं. झाडांखाली, सावली दाटण्याआधीच फुलणाऱ्या ब्लूबेल्सची निळाई लांबपर्यंत पसरली होती. वरून ऊन गाळून येत होतं, त्यामुळे अपूर्वच्या पांढऱ्या शर्टालाही हिरवट रंग चढला होता. एवढ्या सुंदर सकाळी कुणी कुणाचा निरोप घेऊ नये, असं वरदाला वाटलं.

"कोवळा पान खाता येतो," तो म्हणाला. काहीतरी बोलायचं म्हणून. "लिंबूसारखा लागतो. काठावर बारीक केस असतात, फक्त ह्याच दिवसांत—"

"अपूर्व, आधी हे बघ."

तिनं फोन त्याच्यापुढे धरला. लंडन ते नागपूर, मुंबईमार्गे. अठ्ठावीस एप्रिल. एकेरी तिकीट.

तो वाचत राहिला. पुन्हा वाचलं. "ओके," तो हळूच म्हणाला. "थँक्स फॉर... दाखवल्याबद्दल."

"पुण्याची नोकरी मी घेतलीय. सही पण केलीय. आता काहीही झालं तरी मी जाणार. कळलं तुला?"

"कळलं, वरदा. एवढा मोठ्यानं का सांगतेस?"

"कारण आता मला तुझ्याकडून काहीही नकोय. व्हिसा नको, मदत नको, काही नको." तिनं फोन खिशात टाकला. "म्हणून आता सांगता येतं. माझं प्रेम आहे तुझ्यावर. ऑक्टोबरपासून. बहुतेक तू कात्री उचलून दिलीस तेव्हापासून. बस्स. झालं. आता पानाचं सांग, काय म्हणत होतास."

 वर कुठेतरी एक पक्षी तेच तेच दोन सूर म्हणत राहिला. वरदाला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं तर हीच वेळ.

"तिकीट काढलंस," तो शेवटी म्हणाला, "आणि मग सांगतेस?"

"तिकीट काढल्याशिवाय सांगता येत नव्हतं."

"वेडी आहेस." त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता, दोन्ही एकदम. "यू आर कम्प्लीटली मॅड. तुला माहितेय, मी फेब्रुवारीपासून झोपलो नाहीये? माझा आई रोज फोनवर म्हणते, विचार तिला, विचार. आणि मी म्हणतो, आत्ता विचारला तर ती हो म्हणेल, पण का म्हणेल? मला पाहिजे म्हणून, की तिला दुसरा रस्ता नाही म्हणून? मला कधी कळणारच नाही. म्हणून गप्प बसलो. तुझ्या अडचणीचा फायदा घेतला असं नको वाटायला."

वरदा त्याच्याकडे बघतच राहिली. अडीच महिने! दोघं शहाणे अडीच महिने एकमेकांचा मान राखत उपाशी बसले होते.

"मग आता विचार," ती म्हणाली. "आता मला रस्ता आहे. अठ्ठावीस तारखेचा."

त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. नेहमी झाडाला लावायचा तसे, सावकाश, आधी बोटं, मग तळवे. "आय लव्ह यू," तो म्हणाला. मग मान हलवली, कारण त्याचं त्यालाच ते पुरेसं वाटलं नाही. "माझं पण प्रेम आहे तुझ्यावर. खूप. जा तू पुण्याला. मी येतो."

"कधी?"

"जूनमध्ये. मार्च ते ऑगस्ट हेजमध्ये पक्ष्यांची घरटी असतात, कटिंग बंद. माझी अख्खी रजा शिल्लक आहे. आधी नागपूर, तुझ्या घरी, लग्नाचं विचारायला."

"जूनमध्ये नागपूर? भाजून निघशील रे!"

"निघू दे. बीचला पहिली बी धरायला चाळीस वर्षं लागतात. मी थोडा ऊन सहन करू शकतो." मग त्याला एकदम काहीतरी सुचलं आणि तो ट्री ऑफिसरच्या आवाजात म्हणाला, "तुझ्या घरासमोर कुठला झाड आहे?"

 वरदाच्या घराच्या फाटकापाशी एक मोठं झाड होतं. लहानपणापासून त्याच्या सावलीत तिची सायकल उभी असायची. पण नाव? परदेशात येऊन नुसत्या कळीवरून बीच ओळखणारी ही मुलगी, आणि स्वतःच्या दारातलं झाड तिला ठाऊक नव्हतं.

"थांब," ती म्हणाली आणि तिथेच, त्या पोपटी उजेडात उभं राहून तिनं नागपूरला फोन लावला. स्पीकरवर.

"आई, आपल्या फाटकापाशी कुठलं झाड आहे गं?"

"करंज आहे. का? आता मध्येच झाडाचं काय काढलंस? सामान भरलं का?"

"करंज," वरदा अपूर्वकडे बघून पुटपुटली. त्यानं लगेच स्वतःच्या फोनवर शोधलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं स्क्रीन तिच्यापुढे धरली. इंग्रजीत करंजाचं एक नाव होतं, इंडियन बीच. नात्यानं बीचचा कुणीही नाही, पण पानं पाहून कुण्या काळी कुणाला तरी तसं वाटलं होतं.

वरदाला हसू आवरेना. फोनमधून आई विचारत होती, "अगं, काय झालं? कोण आहे तिथे?"

वरदानं हसू आवरलं. अपूर्वचा हात घट्ट धरला आणि जे सांगायला तिला सकाळपर्यंत धीर नव्हता, ते आता सहज सांगितलं.

"आई, मी अठ्ठावीसला येतेय. आणि जूनमध्ये अपूर्व येणार आहे आपल्याकडे. लीड्सचा आहे. मला तो फार आवडतो, आई. मी लग्न करणार आहे त्याच्याशी."

 अपूर्वनं श्वास रोखून धरला होता, हे वरदाला त्याच्या हातावरून कळत होतं. मग मागे कुठेतरी आईनं कुकरचा गॅस बारीक केल्याचा आवाज आला.

"दे त्याच्याकडे फोन," आई म्हणाली. "उन्हाळ्यात येतोय म्हणजे डोक्याला बांधायला काय आहे त्याच्याकडे, ते विचारू दे मला आधी."